दुसऱ्याचें धनुष्य

पाठ्यपुस्तकें, सायकल, तंबोरा आणि पाळणा ह्या वस्तु आपल्या घरांतून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जात आल्या आहेत. थोरल्याची सायकल धाकट्यास पुरते, आत्याचा तंबोरा भाचीच्या खोलींत उभा राहतो, आणि ज्या पाळण्यांत बाप निजला त्यांतच पुढें मुलगाही निजतो. अशा वस्तूंस जुन्या म्हणून कोणी नाक मुरडीत नाहीं. गेल्या वर्षीं मात्र आमच्या मुलुंडच्या घरांत ह्या मालिकेंत सहजासहजीं न बसणारी एक वस्तु आली. ती म्हणजे वापरलेलें धनुष्य. तें तपासून, जुळवून, आमच्या तेरा वर्षांच्या नातीच्या हातीं देण्यास सुमारें तीन महिने लागले. त्या अवधींत आमच्या घरांत जो वाद झाला व त्यांतून जें निष्पन्न झालें, तें आजकाल इतर घरांसही उपयोगी पडेल अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

धनुष्याचा नाद मुलांस कोठून लागला हें शोधावयास लांब जावें लागत नाहीं. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्लिन येथें भरलेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत साताऱ्याची अदिति स्वामी वयाच्या सतराव्या वर्षीं जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेंत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. दोघांचेंही शिक्षण साताऱ्यास प्रवीण सावंत ह्यांच्या हाताखालीं झालें. त्यापूर्वीं फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकांत २०२१ सालीं भारताकडून खेळला होता. हीं नांवें वर्तमानपत्रांत झळकल्यावर मुलुंड-घाटकोपरच्या मुलींनीं आईबापांजवळ धनुष्याचा हट्ट धरला तर त्यांत नवल कसलें? आणि ह्या भूमीस धनुष्य परकें नाहींच. बोरीवली आणि मुलुंड ह्यांच्या मधल्या डोंगरांत वारली लोकांचे पाडे आजही आहेत, आणि वारली चित्रांतून धनुष्य ओढून उभा असलेला शिकारी वाचकांनीं पाहिला असेलच.

धनुष्याच्या जाती अनेक आहेत, म्हणून आधीं आमचें धनुष्य कोणतें तें सांगितलें पाहिजे. अदिति व ओजस ह्यांचें धनुष्य चाकांचें असतें. त्यास कंपाउंड म्हणतात, व २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकांत त्याचा मिश्र संघाचा सामना प्रथमच होणार आहे. बंदुकीसारखा दस्ता असलेलें आडवें धनुष्य, म्हणजे क्रॉसबो, हा प्रकार निराळा. तो ऑलिंपिकांत नाहीं. देशी स्पर्धांतून बांबूचें धनुष्यही चालतें. आमच्या घरीं आलें तें रिकर्व्ह, म्हणजे ज्याचीं टोंकें पुढच्या बाजूस वळलेलीं असतात तें. प्रवीण जाधव टोकियोस खेळला तें ह्याच जातीचें. ह्याचे तीन भाग सुटे होतात: मधला धातूचा दांडा, वरचें व खालचें अशीं दोन पातीं, आणि दोरी. मैदानावर ह्यांस राइझर, लिंब आणि स्ट्रिंग म्हणतात. संस्कृतांत आयुष्य घालविलेल्या माणसास ह्या ठिकाणीं अमरकोश आठवल्यावांचून राहत नाहीं. अमरसिंहानें क्षत्रियवर्गांत धनुष्याच्या मध्यास लस्तक, टोंकास अटनी, दोरीस मौर्वी, ज्या, शिंजिनी, गुण अशीं नांवें दिलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर दोरीचा तडाखा मनगटास लागूं नये म्हणून बांधावयाच्या पट्ट्यासही गोधा असें स्वतंत्र नांव आहे. आमची नात लवकरच लस्तक आणि अटनी म्हणूं लागली, आणि तिच्या शिक्षकांस प्रथम हें कांहीं कळेना.

नव्या साहित्याची किंमत ऐकून घरांत सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. इतक्यांत घाटकोपरचा एक तरुण नोकरीमुळें खेळ सोडून आपलें धनुष्य विकीत आहे असें कळलें. तरुण सज्जन होता. त्यानें कांहीं लपविलें नाहीं, किंमतही रास्त सांगितली. पैसे आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे अण्णांनीं, आपल्या निवृत्तिवेतनांतून दिले. धनुष्य ७० इंच लांबीचें, पातीं ३६ पौंडांचीं, सोबत आठ बाण. अण्णा तें खांद्यावर टाकून घाटकोपराहून लोकलनें आले, तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता होती ती आम्हीं त्यांच्या बढतीच्या दिवशींही पाहिली नव्हती.

आतां वापरलेलें धनुष्य म्हटलें कीं आपणां सर्वांस एकच आठवतें, आणि तें मिथिलेचें. वाल्मीकीच्या बालकांडांत तें शिवधनुष्य जनकाच्या पूर्वजांपैकीं देवरात राजाकडे ठेव म्हणून आलेलें आहे, आणि पिढ्यानुपिढ्या त्याची पूजा होत आहे. रामानें त्यास ज्या चढविली, तें पूर्ण ओढलें, आणि तें मध्यावर मोडलें. भाविकांस त्यांत प्रभूचें बळ दिसतें, व तें दिसावें. पण वर्षानुवर्षें पडून असलेलें धनुष्य तपासल्यावांचून पूर्ण ओढूं नये हाही धडा त्यांत आहे, असें आम्हीं विनोदानें म्हटलें. आणि घरांत तपासणीस प्रारंभ झाला.

तपासणीचें पहिलें साधन आमच्या वहिनींच्या देवघरांतून आलें. पात्यांचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात, व ते सुटूं लागले तर डोळ्यांस दिसत नाहीं असा तडा कडेस पडतो. समईच्या वातींसाठीं ठेवलेल्या कापसाचा एक बोळा घेऊन पात्याच्या चारी कडांवरून अलगद फिरवावा. कड धड असेल तर बोळा सरकतो. बारीकसाही तडा असेल तर कापसाचे तंतु तेथें अडकून राहतात. दुसरी परीक्षा ज्या चढविल्यावर. धनुष्य उभें धरून मागून पाहिलें तर दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मध्यावरून गेलेली दिसली पाहिजे. एका बाजूस गेली तर पातें पिळवटलें असें समजावें. ज्या चढवितांनाही पायांत धनुष्य अडकवून वांकविण्याची जी जुनी रीत आहे ती करूं नये. तिनेंच पातीं पिळवटतात. दोन्ही टोंकांस बसणारी एक निराळी दोरी ह्यासाठीं मिळते, तिनें काम सोपें व निर्धोक होतें. तिसरें, टोंकांच्या खांचा व सर्व स्क्रू पाहावे. मुंबईच्या चार पावसाळ्यांत लोखंडाचें काय होतें हें उपनगरांतल्या गृहिणींस सांगावयास नको. चौथें, दोरी. तिचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती टाकून द्यावी. आणि तुटलेला दिसला नाहीं तरी, दुसऱ्यानें किती वापरली हें ठाऊक नसल्यामुळें, टाकूनच द्यावी. मात्र नवी घेतांना धनुष्य कोणत्या काळचें तें पाहावें: आजच्या न ताणणाऱ्या धाग्यांची दोरी जुन्या पात्यांच्या टोंकांस सोसत नाहीं. पांचवी गोष्ट बाणांची. कार्बनचा बाण दोन्ही हातांत धरून, कानाजवळ नेऊन, किंचित् वांकवावा. आंत तडा असेल तर बारीक कुरकुर ऐकूं येते. असा बाण सुटतांना फुटला तर त्याच्या काड्या हातांत शिरतात.

आमच्या परीक्षेंत पातीं निर्दोष ठरलीं, दांडा निर्दोष ठरला, दोन स्क्रू गंजलेले निघाले, दोरी बाद झाली, आणि आठ बाणांपैकीं एक कुरकुरला. त्याचे दोन तुकडे करून तो आम्हीं टाकला, म्हणजे पुन्हां कोणी चुकूनही वापरूं नये. एवढें झाल्यावर घरांत सर्वांस वाटलें कीं काम संपलें. खरें पाहतां तें तेथें सुरू झालें होतें.

पुढच्या आठवड्यांत आम्ही एका श्राद्धासाठीं पुण्यास गेलों असतां इकडे अण्णांनीं नातीस दिवाणखान्यांत उभें करून तेंच धनुष्य ओढावयास सांगितलें. मुलगी हौशी, आणि आजोबांनीं आपल्या पैशानें आणलेली वस्तु. नाहीं कसें म्हणणार? तिनें चेहरा लाल करून तें पांच-सहा वेळां ओढलें. अण्णांनीं टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वेणी घालावयास तिला उजवा हात वर नेतां येईना. डॉक्टरांनीं दोन आठवडे विश्रांति सांगितली. आम्ही परत आलों तेव्हां धनुष्य कापडांत गुंडाळून दाराशीं ठेवलेलें होतें, आणि सूनबाईनें शांतपणें, पण पुन्हां विचारण्यास जागा राहणार नाहीं अशा आवाजांत, सांगितलें, “मामंजी, हें घाटकोपरला परत द्यायचं आहे. माझ्या मुलीच्या खांद्याहून ह्याची किंमत जास्त नाहीं.”

अण्णा दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवतांना त्यांनीं आपलें म्हणणें मांडलें. “मुलीचा फ्रॉक आपण दोन बोटं मोठाच शिवतों ना? वाढत्या अंगाला होतो. छत्तीस पौंडांचं धनुष्य आज जड जाईल, वर्षानं जमेल. हलकं घेऊन पुन्हां जड घ्यायचं, हे दोनदां पैसे कशाला?”

हा युक्तिवाद आमच्या सर्व घरांतून चालतो, आणि वह्या, छत्र्या, चपला ह्यांच्या बाबतींत तो चुकीचाही नाहीं. म्हणून त्याचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे. आम्हीं म्हटलें, “अण्णा, फ्रॉक मोठा झाला तर बाही दुमडतां येते. धनुष्याला दुमड नाहीं.” आणि मग वसिष्ठांच्या नांवानें चालत आलेल्या धनुर्वेदसंहितेंतला एक विचार त्यांस सांगितला. त्या ग्रंथाचें म्हणणें असें कीं धनुष्य आपल्या बाहुबळापेक्षां थोडें कमीच असावें. धनुर्धर धनुष्याहून बलवान् असावा, धनुष्य धनुर्धराहून नव्हे. कारण धनुष्यानें जो पिडला जातो त्यास लक्ष्य दिसतच नाहीं. ह्यांतलें शेवटचें वाक्य आम्हीं अनेक वेळां वाचलें होतें. पण त्याचा अर्थ वेणी न घालतां येणाऱ्या मुलीकडे पाहून जितका उमगला तितका पूर्वीं उमगला नव्हता. ओझ्याखालीं असलेला माणूस ओझेंच पाहतो. त्याचे डोळे लक्ष्याकडे असले तरी मन खांद्यांत असतें.

सूनबाईनें एक अट घातली: शिक्षक सांगतील तेंच करावयाचें, आणि मुलीनें “दुखतें” म्हणतांच थांबावयाचें. अण्णांनीं ती मान्य केली. धनुष्य परत गेलें नाहीं.

शिक्षकांनीं प्रथम धनुष्याकडे पाहिलेंच नाहीं, मुलीकडे पाहिलें. तिची ओढ, म्हणजे दोरी हनुवटीखालीं आणून ठेवली असतां होणारें अंतर, मोजली. ती २६ इंच भरली. मग त्यांनीं समजावून दिलें कीं पात्यांवर लिहिलेला आंकडा २८ इंच ओढीचा असतो, व दर इंचामागें सुमारें २ पौंडांचा फरक पडतो. म्हणजे त्या दिवशीं दिवाणखान्यांत मुलीनें सुमारें ३२ पौंड ओढले होते. आणि तिच्या वयाच्या नवशिक्यास १६ ते २० पौंडांपलीकडे देऊं नये असा त्यांचा अनुभव. शिवाय ७० इंच लांबीचें धनुष्य उंच पुरुषाचें. तिला ६६ इंच योग्य. सुदैवानें आजकाल पातीं बसविण्याची एक सर्वमान्य पद्धति आहे, त्यामुळें एका कारखान्याच्या दांड्यावर दुसऱ्याचीं पातीं बसतात. २५ इंचांचा तोच दांडा ठेवून त्यावर २० पौंडांचीं आंखूड पातीं बसविलीं कीं धनुष्य ६६ इंचांचें होतें, व तिच्या ओढीस सुमारें १६ पौंड पडतात. जुनीं पातीं बोरीवलीच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें आनंदानें घेतलीं, आणि त्याच पैशांत हलकीं पातीं, तींही वापरलेलींच, आलीं.

बाणांचें प्रकरण ह्याहून सूक्ष्म आहे. बाण जितका कठीण तितका चांगला असें आपणांस वाटतें, पण तसें नाहीं. बोटांनीं दोरी सोडली म्हणजे ती सरळ न जातां किंचित् बाजूस सरकते, व बाण क्षणभर मासोळीसारखा वांकत, दांड्यास वळसा घालून पुढें जातो. ह्या चमत्कारास अमेरिकेंत रॉबर्ट एल्मर ह्यांनीं १९१३ सालीं धनुर्धराचा विरोधाभास असें नांव दिलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत हिकमन नांवाच्या पदार्थवैज्ञानिकानें अतिवेगवान् चित्रणानें तो डोळ्यांस दाखविला. बाणानें किती वांकावें हें धनुष्याच्या जोरावर ठरतें. त्यासाठीं बाणावर एक आंकडा असतो: २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मध्यें ८८० ग्रॅमचें वजन टांगलें असतां तो इंचाचा किती हजारांश वांकतो, हा तो आंकडा. ५०० चा बाण अर्धा इंच वांकतो, १००० चा पुरा एक इंच. म्हणजे आंकडा मोठा तितका बाण लवचीक. जुने बाण ५०० चे होते व ३६ पौंडांस ते शोभत होते. नातीच्या १६ पौंडांस हजाराच्या पुढचे पाहिजेत. बळकट धनुष्याचा बाण दुबळ्या धनुष्यास लावला तर तो वांकतच नाहीं, आणि जो वांकत नाहीं तो डावीकडे भरकटतो. तेव्हां ते सात बाणही गेले.

अण्णांनीं हिशेब मांडला. पातीं गेलीं, दोरी गेली, बाण गेले. “म्हणजे मी घाटकोपराहून आणलं काय?” त्यांनीं विचारलें. नात चटकन् म्हणाली, “लस्तक, अण्णाआजोबा!” सर्व हंसले, पण ह्या हंसण्यांत वापरलेल्या धनुष्याचें सारें शास्त्र आलें. दांडा हा धातूचा, तो कोणाच्या अंगाचा नसतो, म्हणून तो हस्तांतर करतां येतो. पातें हें एकाच्या खांद्याचें, बाण हा एकाच्या हाताच्या लांबीचा, दोरी ही एकाच्या सरावाची. विकत घेणारानें दांड्याची किंमत द्यावी, व बाकीचें मिळालें तर तें पहिल्या मालकाचें आहे असें समजून पाहावें.

ह्यापुढें जुळवणी. तिचे टप्पे क्रमानें सांगतों. प्रथम दोरी व दांड्याची मूठ ह्यांमधलें अंतर. ६६ इंचांच्या धनुष्यास सुमारें साडेआठ इंचांपासून आरंभ करावा. दोरीस पीळ अधिक दिला तर ती आंखूड होऊन अंतर वाढतें, पीळ काढला तर कमी होतें. आणि ज्या अंतरावर धनुष्याचा आवाज सर्वांत मंद होतो तें त्याचें योग्य अंतर. दुसरें, दोन्ही पात्यांचा तोल: पात्यांच्या मुळापासून दोरीपर्यंतचें अंतर वरच्या बाजूस खालच्यापेक्षां किंचित् अधिक, पाव इंचाच्या आंत, असावें. तिसरें, दोरीवर बाणाची खांच बसावयाची खूण. ती काटकोनाच्या रेषेपेक्षां पाव ते अर्धा इंच वर बांधावी. चौथें, बाणाचें टोंक मागून पाहतां दोरीच्या रेषेच्या किंचित् बाहेर, उजव्या हाताच्या माणसास डावीकडे, दिसलें पाहिजे. पांचवें, बाण ज्या लहानशा स्प्रिंगच्या बटणास टेंकतो तिचा कठीणपणा. आरंभीं तो मध्यम ठेवावा.

हें सर्व एका दुपारीं झालें. पण धनुष्य बरोबर लागलें कीं नाहीं हें फूटपट्टी सांगत नाहीं, बाण सांगतो. त्याची साक्ष घेण्याची रीत अशी: सुमारें १८ मीटरांवरून तीन पिसांचे बाण सोडावे, आणि त्याच नेमानें दोन बिनपिसांचे. पिसें बाणाच्या वाटेंतले दोष झांकतात. बिनपिसाचा बाण कांहीं झांकीत नाहीं. तो इतर बाणांच्या खालीं लागला तर दोरीवरची खूण फार वर आहे, वर लागला तर फार खालीं आहे. उजव्या हाताच्या धनुर्धराचा तो उजवीकडे गेला तर बाण धनुष्याच्या मानानें मऊ पडतो, डावीकडे गेला तर कठीण. मात्र मुलीचे पिसांचे बाणच जोंवर निशाणभर विखुरतात, तोंवर ही साक्ष घेण्यांत अर्थ नाहीं. साक्षीदारांतच एकवाक्यता नसते. म्हणून शिक्षकांनीं सहा आठवडे तिला केवळ जवळून, पांच-सात मीटरांवरून, बाण सोडावयास लाविलें. घरीं कोणी विचारलें कीं आज किती गुण पडले, तर ती म्हणे, “गुण नाहींत, आज फक्त सोडणं.”

ह्या कामांत अण्णांस त्यांचें स्थान सांपडलें. सारा जन्म रेल्वेंत काढलेला मनुष्य; त्यांनीं दोनशें पानांची वही घेतली, आणि प्रत्येक बदल तारीखवार लिहावयास आरंभ केला. एके दिवशीं नातीनें उतावीळपणें दोरीवरची खूण व बटण दोन्ही एकदम बदलण्यास काढलीं, तेव्हां अण्णांनीं तिचा हात धरला. “वेळापत्रकांत दोन गाड्यांच्या वेळा एकदम बदलल्या, आणि खोळंबा झाला, तर चूक कोणत्या गाडीची हें कसं कळणार? एका वेळीं एकच.” त्यांच्या वहींत सातव्या आठवड्याची नोंद अशी आहे कीं बिनपिसाचे दोन्ही बाण खालीं व उजवीकडे पडले. खूण किंचित् खालीं घेतली. तीन दिवस तसेंच सोडलें. बाण समपातळींत आले, पण उजवीकडेच राहिले. मग बटणाची स्प्रिंग थोडी कठीण केली. बाराव्या आठवड्यांत पिसांचे तीन व बिनपिसांचे दोन असे पांचही बाण एका तळहाताएवढ्या जागेंत लागले. अण्णांनीं तेथें तांबड्या शाईनें रेघ ओढली आहे.

आतां दोन गोष्टी सावधगिरीच्या. पहिली जागेची. १६ पौंडांचें धनुष्य म्हणजे खेळणें असें समजून कोणी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारांत बाण सोडूं नये. उंच सुटलेला बाण शंभर मीटरांपलीकडे सहज जातो, आणि आपल्या उपनगरांत शंभर मीटरांत किती खिडक्या येतात हें वाचकांनींच मोजावें. “मग डोंगरांत जाऊं” असें म्हणणारेही भेटतात. बोरीवली ते मुलुंड पसरलेलें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घराच्या मागेंच आहे खरें; परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शस्त्र ह्या शब्दाच्या व्याख्येंतच धनुष्यबाण मोडतो, व राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवांचून शस्त्र नेण्यास बंदी आहे. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकांत हरणामागें धांवणाऱ्या दुष्यंतास तपस्व्यांनीं थांबविलें. तपोवनाचा नियम आतां सरकारच्या दप्तरीं आहे इतकेंच. तेव्हां शिक्षक, मैदान, आणि निशाणामागें भरभक्कम आडोसा ह्या तिन्हींवांचून धनुष्य पेटींतून काढूं नये. व बाण लावल्यावांचून ओढलेली दोरी कधींही सोडूं नये, कारण बाणास मिळावयाचा जोर मग पात्यांतच राहून तीं फुटतात.

दुसरी गोष्ट शरीराची. मनगटाची गोधा आणि बोटांचें कातडें वापरण्यास मुलें लाजतात. खुणा अंगावर असणें त्यांस भूषण वाटतें. त्यांस विराटपर्व सांगावें. अज्ञातवासांत अर्जुन बृहन्नडा झाला, तेव्हां हातांवरचे ज्येचे घट्टे झांकण्यासाठीं त्यास बांगड्या भराव्या लागल्या. हात दोन्ही, कारण तो सव्यसाची. एवढ्या मोठ्या धनुर्धरासही त्या खुणा लपविणें प्राप्त झालें. आपल्या मुलींनीं त्या मुळांतच उमटूं न देणें शहाणपणाचें आहे.

सरावानंतर ज्या उतरवावी. नात रोज मैदानावरून निघण्यापूर्वीं दोरी काढते, पातीं पुसते, स्क्रूंवर तेलाचें बोट फिरविते, आणि पेटींत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकते. आमच्या घरीं श्रावणी सोमवारीं रुद्र म्हटला जातो. त्यांत शिवाच्या धनुष्याची ज्या उतरलेली असो अशी प्रार्थना आहे. विज्य हा तो शब्द. नातीनें गेल्या श्रावणांत विचारलें, “आजोबा, देवाचंही धनुष्य रोज उतरवायचं असतं?” आम्हीं सांगितलें कीं देव शांत असावा म्हणून ती प्रार्थना आहे, पण धनुष्यही त्यामुळें टिकत असेल, तर दोन्ही अर्थ घेण्यास हरकत नाहीं.

ती वाढत आहे. सध्यां ती पूर्ण ओढून न थरथरतां धनुष्य धरते, आणि दिवसाचा शेवटचा बाण पहिल्यासारखाच सुटतो. तो थरथरूं लागेपर्यंत वाढवावयाचें नाहीं, आणि थरथरेनासा झाल्यावर कांहीं महिन्यांनीं दोन पौंडच वाढवावयाचे, असा शिक्षकांचा क्रम आहे. सूनबाई हल्लीं शनिवारीं तिच्याबरोबर मैदानावर जाते व वही लिहिते; अण्णांचे डोळे आतां पूर्वीसारखे चालत नाहींत. वर्षभरांत हीं पातींही तिला अपुरीं पडतील, आणि मग तीं दुसऱ्या कोणा मुलीच्या घरीं जातील. अण्णांनीं आतांच बजावून ठेविलें आहे कीं त्या वेळीं त्यांच्या वहींतलीं मापें स्वच्छ अक्षरांत उतरून द्यावीं, आणि वर ठळक लिहावें: ओढ २६ इंच, ही आमच्या मुलीची, तुमची आधीं मोजा.